राख घालू का?

गणपती जाऊन आठवडा झाला होता. पावसाने जरा उघडीप दिली होती, मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि आई सुपलीत राख घेऊन मागच्या दारी चालली होती. बंबातली राख. सोडणं, करवंट्या, झावळ्या असं वाडीतलंच काहीबाही जळून झालेली, चाळून घेतलेली, पिठासारखी मऊ. विहिरीकडच्या नारळाच्या आळ्याशी ती थांबली, वळली आणि म्हणाली, "याला राख घालू का रे?"

मान वर न करताच मी "घाल की" म्हणालो आणि मग बोटं की-बोर्डवरच थांबली. तो नारळ आईने लावलेला आहे, लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या पावसात. त्याला राख कधी, मीठ कधी, शेणखत कधी हे तिने कुणाला विचारलेलं मी पाहिलेलं नाही. उलट बाबाच तिला विचारायचे, तेही असं की, आपण विचारतोय हे गड्याला कळू नये. ती बाई आज नारळाला राख घालायची तर माझी परवानगी मागत होती. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. तिने साधं विचारलं, मी साधं सांगितलं, आणि तिने सुपली आळ्यात रिकामी केली. दिवसभर मला ते पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत राहिलं. काटा कुठे मोडलाय हे पक्कं माहीत होतं. ब्लूबेरीपाशी.

आमचं घर कोकणात, आंजर्ले-केळशी पट्ट्यात, समुद्राला अगदी लागून. ३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग वादळाने आमचे नऊ नारळ पाडले. पोफळींचा हिशेब कुणी ठेवलाच नाही. त्या काही तासांबद्दल इथल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. नंतर महिनाभर वीज नव्हती. पण मला जे आठवतं ते ऊन. आमच्या वाडीत भर दुपारीही ऊन खाली यायचं ते रुपयाएवढ्या कवडशांनी. वादळानंतर तिथे एकदम पटांगणासारखं ऊन पडलं. विहिरीचा काठ तापायला लागला, भिंतीवरचं शेवाळ वाळून पापुद्रे सुटले. आईला ते ऊन बघवेना. जेवणं झाली की ती मागचं दार ओढून घ्यायची आणि चार वाजेपर्यंत उघडायची नाही. मी त्याच वर्षी पुण्याहून काम घेऊन इथे राहायला आलो. मला त्या उन्हात जागा दिसली. हे लिहायला आता बरं वाटत नाही, पण दिसली खरी.

ब्लूबेरीचं खूळ भाचीने आणलं. बहिणीबरोबर दिवाळीला आली होती, येताना सव्वाशे ग्रॅमची प्लास्टिकची डबी घेऊन. पाव किलो मावऱ्याला पुरतील एवढे पैसे त्या डबीवर छापलेले. आईने डबी उलटीसुलटी करून विचारलं, कुठली ही फळं? भाचीने लेबल वाचलं, "पेरूची." आई म्हणाली, "पेरूची कशी असतील? पेरू कुठे निळा असतो?" भाची हसून हसून आडवी झाली. मी मात्र रात्री वाचत बसलो. पेरू हा देश आज जगात सर्वांत जास्त ब्लूबेरी निर्यात करतो. आणि ती तिथल्या डोंगरातल्या थंडीत पिकत नाही, बरीचशी पिकते समुद्रकाठच्या वाळवंटात. समुद्रकाठ आमच्याकडे होता. वाळूही होती. अर्ध्या माहितीवर माणूस किती भराभर चालतो बघा.

मूळचं हे झाड अमेरिकेच्या पूर्व भागातलं, दलदलीच्या कडेने, पाइनच्या सावल्यांत वाढणारं. त्याला हायबुश म्हणतात, कारण ते पुरुषभर उंचीचं झुडूप होतं. जमिनीसरपट वाढणाऱ्या जातीचं नाव लोबुश. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत त्याची शेती कुणाला जमत नव्हती. लोक रानातून रोप उपटून आणायचे, चांगल्या काळ्याभोर, खतावलेल्या बागेत लावायचे आणि ते मरायचं. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१०मध्ये दाखवून दिलं की या झाडाला आंबट, निकस माती लागते. न्यू जर्सीत क्रॅनबेरीच्या मळेवाल्याची मुलगी एलिझाबेथ व्हाइट हिने ते वाचलं, त्याला पत्र घातलं आणि आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांच्या हातात ५/८ इंचाचं भोक असलेली पट्टी दिली. ज्या झुडपाचं फळ या भोकातून खाली पडणार नाही ते झुडूप मला दाखवा, पैसे देते. त्या झुडपांवरून १९१६ साली पहिलं विकाऊ पीक निघालं. मला ती पट्टी फार आवडली. आमच्याकडे करवंदांच्या जाळ्या वर्षानुवर्षं तशाच आहेत. कुठल्या जाळीचं करवंद मोठं, कुठल्या जाळीचं गोड, हे गुराख्यांच्या पोरांना पाठ असतं, पण पट्टी घेऊन कुणी गेलं नाही.

खरी अडचण थंडीची. हायबुशच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे आठशे ते हजार तास लागतात. तेवढी झोप झाल्याशिवाय कळ्या उमलत नाहीत. वर दापोलीत एखाद्या वर्षी पारा दहाच्या खाली गेला की पेपरात बातमी येते. खाली आमच्याकडे सात अंश फक्त फ्रीजमध्ये. पण दक्षिणेकडच्या उबदार भागासाठी काढलेल्या जातीही आहेत. त्यातली एक बिलॉक्सी, १९९८ साली प्रसारित झालेली, अगदी थोड्या थंडीत भागवणारी. बिलॉक्सी हे मिसिसिपी राज्यातल्या समुद्रकाठच्या गावाचं नाव. कतरिना वादळाने २००५च्या ऑगस्टमध्ये ते गाव झोडपून काढलं होतं. हे वाचलं आणि माझं ठरलं. शेतीचे निर्णय असे घ्यायचे नसतात, मला कळतं.

नोव्हेंबर २०२१मध्ये दोन रोपं खोक्यातून आली. वीतभर उंच, पानं लहान, जाडसर, खालच्या अंगाला फिकी. एक मी पडलेल्या नारळाच्या खड्ड्यात लावलं. आईला विचारलं नव्हतं. दुसरं अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये, त्यात वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून आणलेली जांभ्याची लाल माती, नारळाचा भुसा आणि सुरूची पातेरी. अमेरिकेत पाइनच्या सुया पसरतात, आमच्याकडे समुद्रावर सुरूच्या सुया फुकट. दोन्ही रोपांच्या बुडाशी चार बोटं जाड थर दिला. या झाडाची मुळं तंतूंसारखी बारीक, पसरट, मातीच्या वरच्या थरातच असतात आणि बाकी झाडांच्या मुळांना असते तशी सूक्ष्म केसांची लव त्यांना नसते. म्हणून त्यांना थोडं कमी पाणी सोसत नाही आणि थोडं जास्तही. आई ओटीवरून बघत होती. "बाळंतिणीसारखं आहे याचं," एवढंच म्हणाली. शिपणं करताना मात्र ती रोज पाइप आधी त्या दोघांकडे न्यायची, मग बाकीच्या वाडीला.

मार्चमध्ये पानं पिवळी पडायला लागली. सरसकट पिवळी नाहीत. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जणू कुणी हिरव्या पेनाने पिवळ्या कागदावर झाड काढलंय. कोवळी पानं तर जवळपास पांढरी. याचा अर्थ मला माहीत होता. मातीतला आंबटपणा कमी झाला की लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. मी मोबाइलवर फोटो पडताळत खड्ड्यापाशी उकिडवा बसलो आणि सुरूची पातेरी बाजूला केली. खाली राख. करडी, मऊ, पाण्याने थोडी थापटलेली.

राख म्हणजे या झाडाला विषच. ती अल्कधर्मी, चुन्याच्या गोतातली. मी आत जाऊन आईवर ओरडलो. काय बोललो ते सगळं आठवतं, लिहीत नाही. त्यातलं एक वाक्य असं होतं की, माहीत नसेल तर हात लावू नये. आई वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "पानं खात होती रे कसलीतरी भुंगेरी, म्हणून टाकली मूठभर." पडवळाला, काकडीला, वालाला ती आयुष्यभर तेच करत आली आहे आणि त्याने भुंगेरी जातात हे मीही बघत आलो आहे. मी म्हटलं, हे पडवळ नाही. ती म्हणाली, "बरं." आणि पुढची शेंग उचलली.

त्यानंतर ती त्या बाजूला फिरकली नाही.

आता यातली गंमत, म्हणजे गंमत नव्हे, अशी की, ड्रममधल्या झाडाची पानंही त्याच आठवड्यात तशीच पिवळी पडली होती. अगदी तशीच, हिरव्या शिरा. त्या ड्रमला आईने राख घातलीच नव्हती. डब्यातल्या झाडाला काय खाईल ती भुंगेरी, असा तिचा हिशेब असावा. मी रोज ड्रम बघत होतो. पुरावा डोळ्यांसमोर होता आणि मला राखच दिसत होती, कारण राखेला हात होता. मी भांडून मोकळा झालो होतो, आता चौकशी कशाला?

चौकशी झाली ती एप्रिलमध्ये, तीही दुसऱ्याच कामासाठी. नारळांसाठी म्हणून वाडीतली माती परीक्षणाला दिली होती, त्याचा कागद आला. मी मोठ्याने वाचलं, "सामू ७.९." आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण सामू?" सामू म्हणजे माती आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, मी समजावलं. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच लागतो. यातल्या एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट, म्हणजे ही माती तिला हवी त्यापेक्षा शेकडो पटींनी कमी आंबट. मूठभर राखेने एवढं होत नाही. आमची वाडी पुळणीवर आहे. वाळू हातात घेऊन भिंगाखाली धरली तर निम्मी शिंपल्यांची चूर, म्हणजे चुनाच. वरचा सडा जांभ्याचा, तिथली माती आंबट, म्हणून तर काजू आणि करवंद तिथे खूश असतात. पण ड्रममध्ये सड्याचीच माती होती, मग तिचं काय बिनसलं? मी परीक्षणाच्या पट्ट्या मागवल्या. पट्टी विहिरीच्या पाण्यात बुडवली. ती निळसर हिरवी झाली आणि डबीवरच्या आठाच्या चौकोनाशी नेमकी जुळली. महिनोन्महिने ते पाणी आम्ही दोघं, मोठ्या प्रेमाने, सगळ्यांत आधी त्या झाडांना घालत होतो.

पट्टी घेऊन आत गेलो, आईला दाखवली. म्हटलं, राखेचा एवढा दोष नव्हता, पाण्याचा होता. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण ती अशी शास्त्राच्या पदराआडून मागितली. आईने पट्टी पाहिलीच नाही.

"या पाण्यात डाळ शिजत नाही," ती म्हणाली.

आणि खरंच. लहानपणी डाळीसाठी आणि पिण्यासाठी पाणी वरच्या, सड्याच्या उतारावरच्या विहिरीवरून यायचं. दोन कळशा सकाळी, एक संध्याकाळी, आणि संध्याकाळची माझ्याकडे असायची. खांदा दुखतो म्हणून मी कटकट करायचो. खालचं पाणी अंघोळीला, शिपण्याला, भांड्यांना. बंबाच्या तळाला त्या पाण्याचा पांढरा खडा धरतो आणि आई दर दिवाळीला चिंचेचा कोळ ओतून तो उतरवते, बुडबुडे येतात ते बघायला आम्ही भावंडं तिच्याभोवती बसायचो. डाळ, चिंच, बंब. सगळं घरातच होतं. मी साडेचारशे रुपयांच्या पट्ट्या मागवल्या.

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं," असं ती म्हणाली असती तरी चाललं असतं. म्हणाली भलतंच. म्हणाली, "मग आता विहिरीवर ओरडणार का?"

मी पाण्यात सरबतात घालतात ते लिंबाचं सत मोजून घालायला लागलो, पट्टीने तपासून. ड्रममध्ये थोडं गंधक मिसळलं. ते लगेच काम करत नाही, मातीतले जिवाणू महिनोन्महिने त्याचं आम्ल करत बसतात. जो तो सांगत होता की कॉफीचा चोथा घाला, तोही घातला; वापरलेल्या चोथ्यात आंबटपणा जवळजवळ उरतच नाही हे नंतर कळलं. मग जून आला. पागोळ्या लागल्या आणि पंधरा दिवसांत ड्रममधली पानं खालून वर हिरवी होत गेली. पावसाचं पाणी मुळात किंचित आंबट असतं आणि त्यात चुन्याचा अंश नसतो. लिंबू नाही, गंधक नाही, नुसतं आभाळ. खड्ड्यातल्या झाडाने मात्र जुलैत मान टाकली. पुळणीत पाणी धरत नाही म्हणतात, पण आमच्या वाडीत भर पावसात पाण्याची पातळी वर येते आणि तो खड्डा तर नारळाच्या मुळांनीच सोडलेला. उपटलं तेव्हा मुळं भिजलेल्या चहापत्तीसारखी हातात आली. त्या खड्ड्यात आईने पुढच्या वर्षी बाणवली नारळाचं रोप लावलं. मला विचारून.

ड्रममधलं झाड राहिलं. जानेवारीत आंबे मोहरले तरी त्याची पानं गळेनात. जुनी, काळपट लाल झालेली पानं तशीच आणि त्यांच्यातूनच नवी पोपटी. त्याच्या देशात ते या दिवसांत काठ्या होऊन उभं असायला हवं. आई म्हणाली, "झोप नाही याला." वादळापासून तिलाही नाही. रात्री वाऱ्याचा आवाज जरा बदलला की ओटीवरचा दिवा लागतो. ती त्या झाडाबद्दल हे म्हणाली तेव्हा राखेच्या भांडणानंतर पहिल्यांदा ड्रमच्या जवळ उभी होती, हात मागे बांधून.

मग फुलं आली, एका वेळी थोडी, सवडीने. पांढरी, मेणचट, उलट्या टांगलेल्या इवल्या मडक्यांसारखी. त्यांचे पराग सहज सांडत नाहीत. परागांच्या नळीच्या टोकाला भोक असतं, मिठाच्या डबीसारखं, आणि फुलाला धरून कुणी जोरात थरथरवलं तरच ते खाली येतात. साध्या मधमाशीला ते जमत नाही. आमच्या पडवीच्या वाशांत घरं करणारे काळे भुंगे ते करतील अशी माझी आशा होती. ते आले, गुरगुरले, पण फुलाच्या तोंडाशी जाण्याऐवजी बुडाशी चीर पाडून मध पिऊन गेले. सरळ दरोडा. शेवटी मी विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश आणून एकेका फुलाच्या देठाला लावला. शेजारचे अप्पा कुंपणावरून बघत होते. गावात काय बोललं गेलं असेल याची मला कल्पना आहे.

अकरा फळं धरली. त्यांतली चार बुलबुलाने नेली.

पिकलेलं फळ मी पहिल्यांदा झाडावर पाहिलं तेव्हा त्याला हात लावायला धजेना. खालच्या बाजूला पाच टोकांचा छोटासा मुकुट आणि वर धुरकट निळा रंग, पहाटेच्या समुद्राला असतो तसा. अंगठ्याने हलकेच पुसलं तर निळा निघून गेला आणि खाली जांभळट काळी साल. तो निळा सालीतल्या रसाचा नसतोच, त्यावरच्या मेणाच्या पातळ थराचा असतो, आणि एकदा पुसला की पुसला. उरलेली सात फळं वाटीत घेऊन आईपुढे धरली. तिने एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं, एवढ्याशा फळाला लागणार नाही इतका वेळ.

"करवंदाला निदान चीक तरी असतो," ती म्हणाली.

माझ्याही जिभेला ती कोमट, पाणचट आंबटच लागली, डबीतल्या पेरूच्या फळाच्या पासंगाला न पुरणारी. पण उरलेली आईने खाऊ दिली नाहीत. भाचीसाठी वाटी झाकून फ्रीजमध्ये ठेवली, आणि भाची मे महिन्यात येईपर्यंत ती सुकून मिरीएवढी झाली.

या पावसात पागोळीखाली घंगाळ दिसलं, तांब्याचं, माळ्यावर पडलेलं होतं ते. दोन दिवसांनी शेजारी पितळी हंडा. मग जुनी दुधाची किटली. मी काही बोललो नाही, तीही नाही. ऑक्टोबरनंतर ड्रमला घालायचं पाणी ती साठवत होती. पण मुक्यानेच, आणि घंगाळ भरलं की येऊन विचारायची, यातलं तिकडे नेऊ का? प्रत्येक वेळी माझं "ने की." असं किती वेळा झालं असेल कोण जाणे, मला ते ऐकूच आलं नाही. नारळापाशी ऐकू आलं.

त्या संध्याकाळी बंबापाशी गेलो. कोपऱ्यात राखेचा ढीग होता, चांगला गुडघाभर. आमच्या घरात राखेचा ढीग कधी साचत नसे. रोजची राख रोज कुठल्या ना कुठल्या बुंध्याशी जायची. किती दिवसांची होती ती? मी सुपली भरली आणि पाटाकडच्या दोन नारळांना घालायला निघालो. आई मागच्या पायरीवर बसून वाती वळत होती. मी आळ्याशी वाकलो, सुपली तिरकी केली, राखेचा लोट उठून नाकातोंडात गेला.

"अरे इतकी नाही!" मागून आवाज आला, पूर्वीसारखा, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा. "मूठभर घाल. आणि बुंध्याला चिकटून नको, लांबून. लांबून घाल. कधी शिकणार आहेस तू?"